हरिचंद्र गायकरचा हवामहल

हरिचंद्र गायकर जयपूरला गेला तो घरातून निघतानाच चिडलेला होता. यात नवल काहीच नाही. सोनिवलीपासून शिरगावपर्यंत कुणालाही विचारा, हा माणूस चिडला नाही असा एक दिवस सांग म्हणावं, समोरचा डोकं खाजवत बसेल. राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात. याचं आख्खं नाकच रागाचं होतं. खिळे वाकडे आले म्हणून चिडणार, सरळ आले तर महाग मिळाले म्हणून चिडणार, आणि चिडायला काहीच सापडलं नाही तर जनीनं चहात आलं का घातलं नाही म्हणून चिडणार. जनी म्हणजे त्याची बायको. तिनं या सगळ्यावर एकच औषध शोधलं होतं, ते म्हणजे ऐकायचंच नाही.

पण माणूस कामाचा होता हो, ते कुणी नाकारायचं नाही. आमच्या बदलापूरच्या आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न काय, अक्षता पडल्या की संपलं. हळदीला मात्र गावच्या गाव जेवतं, पहाटेपर्यंत बँजो वाजतो, आणि स्टेज असा लागतो की शेजारच्या गावाच्या पोटात दुखलं पाहिजे. त्या स्टेजमागचा महाल उभा करायचा तो हरिचंद्रनं. बांबू, प्लाय, कापड आणि फायबरच्या कमानी. म्हैसूरचा राजवाडा त्यानं केला, उदयपूरचा केला, पण नाव झालं ते हवामहलानं. गुलाबी रंगाच्या खिडक्याच खिडक्या, आणि मधोमध हत्ती आत जाईल असा दरवाजा. त्या दरवाजातून धूर सोडायचा आणि धुरातून नवरा मुलगा नाचत बाहेर यायचा, मागून त्याच्या करवल्या. लोक उभे राहून शिट्ट्या मारायचे. एक काळ असा होता की मुलाचा बाप आधी हरिचंद्रची तारीख घ्यायचा आणि मग भटजीची.

आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर कॅलेंडरवरच्या आणि मिठाईच्या खोक्यांवरच्या चित्रांच्या. खरा महाल त्यानं जन्मात पाहिलेला नव्हता. कुणी म्हटलं की दादा, एकदा जाऊन बघून या, तर म्हणायचा, "कनाला? चित्रात दिसतो तोच हाय ना?" पण मनातून त्याला फार वाटायचं. जनीला ते ठाऊक होतं. टीव्हीवर राजस्थान लागलं की हा भांडणसुद्धा अर्ध्यावर सोडायचा.

मग ते एलईडीचे पडदे आले. मागं पडदा टांगला, बटण दाबलं की महाल. दुसरं बटण दाबलं की बर्फाचे डोंगर. बर्फासमोर बसून हळद लावून घेणारे नवरे बघितले आणि हरिचंद्रच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. कामं आटली. तरी सोनिवलीच्या शेडमध्ये तो रोज जायचा. तिथं कमानी होत्या, खांब होते, झरोके होते, आणि भिंतीला ओळीनं लावून ठेवलेले फरमे होते. फरमा म्हणजे साचा, ज्यात फायबर ओतून कमान निघते. कमान मोडली तर दुसरी काढता येते. फरमा एकदा गेला की गेला. ते सगळे फरमे त्यानं आणि त्याच्या जुन्या सुतारानं, चंदूनं, स्वतःच्या हातांनी घासून काढले होते. हरिचंद्रचा जीव होता तो.

त्याचा मुलगा भावेश अंबरनाथ एमआयडीसीत सुपरवायझर. शिरगावात फ्लॅट घेतला होता, सगळे तिथंच राहायचे. पोरगं वाईट नव्हतं, पण जमीन दिसली की त्याला तिथं काहीतरी धंदा दिसायचा. सोनिवलीत नव्या बिल्डिंगी उठल्या, त्यातली पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळायला जागा शोधत फिरतात, हे त्यानं हेरलं. शेड काढायची, जाळी मारायची, हिरवं कृत्रिम गवत टाकायचं, लाइटी लावायच्या आणि तासावर टर्फ भाड्यानं द्यायचं. एकदा त्यानं हा विषय बापासमोर काढला. हरिचंद्रच्या हातात तेव्हा रंगाचा ब्रश होता, तो त्यानं फेकून मारला. भावेशचा ऑफिसचा शर्ट गुलाबी झाला आणि विषय तिथं संपला. म्हणजे हरिचंद्रला वाटलं की संपला.

गणपती उरकले. लग्नं सुरू व्हायला अवकाश होता. एका रविवारी भावेशनं विमानाची तिकिटं दाखवली. बाबा, जयपूर. तुम्ही, आई, मी आणि रिद्धी. रिद्धी त्याची बायको. हरिचंद्र आधी खर्चावरून चिडला, मग विमानावरून चिडला, मग मला आधी का नाही सांगितलं म्हणून चिडला, आणि त्याच संध्याकाळी नवीन चपला घेऊन आला.

विमानतळावरच भावेशनं त्याचा फोन मागितला. म्हणाला, "बाबा, बाहेरच्या राज्यात फोन चालू ठेवला की रोमिंग लागतं. बॅलन्स सगळा साफ. मी बंद करून ठेवतो, माझा आहे ना आपल्याकडं." हरिचंद्रला ते पटलं. कंपन्या लुटायलाच बसल्यात, हे त्याचं आधीपासूनचं ठाम मत होतं.

पहिल्या दिवशी आमेरचा किल्ला. त्यातल्या आरशांच्या महालात हरिचंद्र शिरला आणि चिडायचं विसरला. भिंतीभर, छतभर आरशाचे तुकडे. त्यानं उल्हासनगरच्या मार्केटातून गोणीनं आरसे आणून अशीच नक्षी केली होती, फेव्हिकॉल लावून. ही तशीच होती आणि तशी अजिबात नव्हती. तो हात लावायला गेला आणि रखवालदारानं शिट्टी मारली. झालं. "हात नाय लावायचा तर भिंत बनवली कनाला?" असं तो मराठीत भांडला आणि रखवालदार त्याच्या बोलीत. रिद्धी व्हिडिओ काढत राहिली. दुसऱ्या दिवशी राजवाडा. मोराच्या पिसाऱ्याचा रंगीत दरवाजा बघून हरिचंद्र तिथंच खाली बसला आणि उठेना. मागून लोक फोटोसाठी ओरडायला लागले, तर त्यांच्यावरच खेकसला, "थांबा की, दरवाजा पलून चाललाय का?"

आणि भावेश काय म्हणाला, तर "बाबा, आरामात बघा. कसली घाई नाही." जे पोरगं बापाला दवाखान्यात नेताना पाच मिनिटं थांबत नाही, ते म्हणतंय आरामात बघा. आणि वर, उद्याचं परतीचं तिकीट त्यानं एक दिवस पुढं ढकललं. हरिचंद्रला हे खटकायला हवं होतं. पण माणूस इतक्या वर्षांची भूक भागवत होता, त्याला समोरचं ताट सोडून काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हवामहल.

रस्त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहून त्यानं तो बघितला. पाचही मजले, खिडक्याच खिडक्या, सकाळचं ऊन पडलेलं. रिद्धी पलीकडच्या कॅफेत फोटो काढायला चढली. भावेश फोनवर बोटं चालवत बाजूला उभा. हरिचंद्रनं वरून खालपर्यंत बघितलं, मग खालून वर, आणि मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"दरवाजा कुठं हाय?"

"असेल की बाबा."

"कुठं? मधी दाखव मना. मधी दरवाजा पायजे."

मध्ये दरवाजा नव्हता. डावीकडं दुकानं, उजवीकडं दुकानं, आणि मध्ये नुसती भिंत आणि खिडक्या. हरिचंद्र रस्ता ओलांडून गेला, रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, भिंतीशी उभा राहिला. बंद केला असेल म्हणून त्यानं हातानं चाचपलंसुद्धा. एक गाइड उभा होता, तो हसला. म्हणाला, "काका, सामने से दरवाज़ा है ही नहीं. कभी था ही नहीं. पीछे से आइए."

कभी था ही नहीं. आता बोला. जिल्ह्यातल्या अर्ध्या नवऱ्यांना ज्या दरवाजातून बाहेर काढलं, तो दरवाजाच नव्हता. हरिचंद्र आधी गाइडवर चिडला की हा खोटं बोलतोय. मग कॅलेंडरवाल्यांवर चिडला, त्यांच्या चित्रात खालची बाजू नेहमी गाड्यांनी झाकलेली असायची, आणि त्यानं आपल्या मनानं तिथं दरवाजा धरला होता. महाल म्हटला की दरवाजा असणारच, यात विचारायचं काय? मग राजावर चिडला. एवढा पैसा घातलास आणि पुढून आत यायची सोय नाही? पाहुणे काय खिडकीतून येणार होते?

रिद्धीला खाली बोलावून आणि त्या गाइडला बरोबर घेऊन, वळसा घालून ते मागून आत शिरले. वर जायला पायऱ्या नव्हत्या, उतार होते. जनीचे गुडघे दुखत होते, तरी ती न बोलता चढली. सगळ्यात वरचा मजला म्हणजे एका माणसाच्या रुंदीची चिंचोळी जागा, त्याच्यामागं काहीच नाही. हरिचंद्रनं त्या जाडीकडं बघितलं आणि इतक्या वेळात पहिल्यांदा खूश झाला. त्याच्या स्टेजसारखंच. पुढं थाट आणि मागं काही नाही.

जनी एका झरोक्याशी टेकली. गाइड सांगत होता की राजघराण्यातल्या बायका इथून रस्ता बघायच्या, मिरवणुका बघायच्या, त्यांना कुणी बघू नये म्हणून ही जाळी. जनीनं ते ऐकून घेतलं आणि जाळीतून खाली बघत बसली.

आणि हरिचंद्रला चंदूची आठवण झाली. दरवाजाची गोष्ट चंदूला सांगितल्याशिवाय त्याला आता पाणीसुद्धा गोड लागणार नव्हतं. जनीच्या पिशवीतून तिचा फोन डोकावत होता, तो त्यानं उचलला. फोन चालू होता. याला रोमिंग लागत नाही का, असं मनात आलं, पण तोवर चंदूचा नंबर लागलासुद्धा.

"चंदू, ऐक, हवामहलाला—"

"दादा, ते ऱ्हाऊ द्या." चंदूचा आवाज फाटला होता. "तुमी फोन बंद कनाला ठेवलाय? मी काल सांजपासून लावतोय. उल्हासनगरचा भंगारवाला आलाय टेम्पो घेऊन. कमानी भरल्या, खांब भरले. आता फरमे काडायला आत घुसलेत. बोलतात का तुमीच सांगितलंय. दादा, तुमी सांगितलंय?"

"नाय," हरिचंद्र म्हणाला. "मी कोनाला काय सांगितलं नाय."

"मी टेम्पोच्या समोर बसलोय. तुमी सांगाल तसं."

हरिचंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन कानालाच धरून तो वळला. भावेश दोन खिडक्या सोडून उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला सगळं ऐकू आलंय.

"तू केलंस हे?"

"बाबा, खाली जाऊन बोलू."

"हितंच बोल. टेम्पो तू पाठवलास?"

"मग काय करणार होतो?" भावेशचाही पारा चढला. "तुम्ही असताना शेडला कुणी हात लावला असता? कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. वर्षाला चार ऑर्डरी येत नाहीत, बाबा. भंगार झालंय ते सगळं. तिथं टर्फ उभं राहिलं तर घरात चार पैसे येतील. तुम्हाला जयपूर दाखवायचं होतं, ते पण दाखवलं."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि सापडल्यावर म्हणायचं की ताक तुमच्यासाठीच होतं.

"मना जयपूर दाखवलं," हरिचंद्र म्हणाला. आवाज त्या चिंचोळ्या जागेत घुमला. "भूल दिली मना. तिकडं माजा जीव काडायला मानसं लावली आनि हितं मना राजवाडे दाखवत फिरवलंस. वर बोलतो, आरामात बघा. माजी शेड. माजे फरमे. चंदूचे आनि माजे हात झिजलेत त्याच्यावर. मना न इचारता?"

"बाबा, लोक बघतायत," रिद्धी म्हणाली.

"बघू देत. तिकीट काडून आलेत ते."

खरंच लोक बघत होते. एका शाळेची सहल अर्ध्या उतारावर थांबली होती. हरिचंद्रला त्याचं काही नव्हतं. तो भावेशला जन्मावरून, खाल्ल्या अन्नावरून बोलला, आणि दर वाक्याच्या शेवटी तेच, मना न इचारता. शेवटी भावेशनं सहन होईना म्हणून हात झटकला.

"मला एकट्याला काय बोलता? आईला सगळं माहीत होतं. आई हो बोलली म्हणून मी केलं."

हरिचंद्र थांबला. जनी अजून जाळीतून रस्ताच बघत होती.

"जने. तू व्हतीस यात?"

"व्हते."

"आनि मना न इचारता?"

जनी उठली. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठली, पदर नीट केला. इतकी वर्षं न ऐकण्याचं औषध घेणारी बाई. तिच्या डोळ्यांकडं बघून भावेशच एक पाऊल मागं सरला.

"पत्रे तुमचे," ती म्हणाली. "फरमे तुमचे, बांबू तुमचे. खालची जागा कोनाची?"



शेडखालची ती जमिनीची पट्टी जनीच्या बापानं मरण्याआधी तिला दिली होती. सोनिवलीत भाव वाढले तेव्हा तिचे भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन दारात आले. आमच्याकडं बहिणी सही करतात. सही करायची, भाऊबीजेला साडी घ्यायची आणि माहेर टिकवायचं, हा शिरस्ता. जनीनं सही केली नाही. म्हणाली, बापानं माझ्या हातात ठेवलंय, मी सोडणार नाही. भावांनी त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. भाऊबीजेला कुणी फिरकलं नाही. आई गेली, तेसुद्धा जनीला बाजारात भाजी घेताना तिसऱ्याच बाईकडून कळलं. तेव्हा हरिचंद्र छाती काढून सांगत फिरला होता, माझी बायको कुणाच्या बापाला भीत नाही म्हणून. आणि पुढच्याच अक्षय्य तृतीयेला त्यानं त्या पट्टीवर शेडचे खांब रोवले.

"मी माहेर सोडलं त्या जागेसाठी," जनी म्हणाली. "मना तिथं भाजी लावायची व्हती. गवार, वांगी, काकडी. माजी पाटी घेऊन माज्या नावानं बदलापूरच्या बाजारात बसायचं व्हतं. सकालची तिथं गेले तर तुमी बांबू ठोकत व्हता. मना बोललात, जेवन हितंच आन. तवापासून मी तुमचं जेवन माज्या जागेवर आनून देतेय. तुमी मना इचारलंवतं?"

हरिचंद्रनं आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, कुठंतरी, कधीतरी, एक शब्द तरी. राग अजून अंगात होता, पण आता तो कुणावर काढायचा हे त्याला समजेना.

कानाशी चंदू बोलत होता. "दादा, हे लोक मना उठवतायत. काय करू? सांगा लवकर."

हरिचंद्रनं फोन कानापासून खाली घेतला. "काय सांगू त्याला?" त्यानं जनीला विचारलं.

संसारात पहिल्यांदा विचारलं. जनीला ते कळलं, आणि त्यानं ती निवळली वगैरे म्हणाल तर अजिबात नाही. ती आणखी भडकली.

"आता इचारतंस," ती म्हणाली. लग्नापासून तिनं त्याला अरेतुरे केलं नव्हतं. तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "चंदू, मी जनी बोलतेय. ऊठ तिथून. कमानी जाऊ दे, फरमे पन जाऊ दे."

भावेशनं रोखलेला श्वास सोडला.

"आनि ऐक. शेड मोकली झाली का कुलूप लाव. चावी मी आल्यावर माज्या हातात दे. भावेशचा मानूस टर्फची मापं घ्यायला येईल, त्याला आत सोडू नको. आला तर तंगडी मोड."

"आई, हे काय?" भावेश म्हणाला. "आपलं ठरलं होतं ना."

"तू ठरवलंस. मना येऊन सांगितलंस. तुज्या बापानं तर सांगितलं पन नवतं, एवढाच तुमच्यात फरक. इचारलं तू पन नाय."

रिद्धीनं नवऱ्याकडं बघितलं आणि फोन पर्समध्ये टाकला. जनीनंही आपला फोन पिशवीत ठेवला, पिशवी काखेत मारली आणि उताराकडं निघाली. शाळेच्या पोरांनी भिंतीला चिकटून तिला वाट दिली.

"फरमे तरी ठेव गं," हरिचंद्र मागून म्हणाला. विनवणी कशी करतात हे त्याला येत नव्हतं, त्यामुळं तेसुद्धा तो खेकसूनच बोलला.

जनी थांबली. वळून तिनं त्याला नीट बघितलं.

"आनि ठेवायचे कुठं?" ती म्हणाली. "तुजी जागा हाय का कुठं?"

शिरगावचा फ्लॅट भावेशच्या नावावर होता.